सवलतीचा फलक आणि पाण्याची रेषा

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या प्लॉटिंगच्या जाहिरातींत ‘आजी-माजी सैनिकांना विशेष सवलत’ ही ओळ आता ओळखीची झाली आहे. तिच्या जोडीला सव्वीस जानेवारीचा सत्कार, शाल-श्रीफळ, शाळेत वह्यावाटप आणि मंडपाच्या कमानीवर जागांचे व्यवहार करणाऱ्याचे ठळक नाव. यात वाईट काही नाही. सत्काराने कुणाचे नुकसान होत नाही. पण सवलत ज्या भावावर मिळते तो भाव सांगणारा आणि सवलत देणारा एकच असेल, तर त्या सवलतीचा हिशोब कोण तपासणार? जागेच्या एजंटाची समाजसेवा मोजायचीच असेल, तर विसार पावती होण्याआधी त्याने गिऱ्हाइकाला काय काय सांगितले, यावर मोजावी.

फौजी कुटुंबाचे स्थलांतर आपल्याकडे नेमके कधी होते, हे आधी पाहायला हवे. अमेरिकेत बदली झालेला सैनिक नव्या गावी घर विकत घेऊ शकतो. 1944 च्या कायद्यापासून तिथे माजी सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारची हमी आहे, पुढे ती सेवेतल्या सैनिकांनाही मिळाली. तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने तर फौजी कुटुंबांच्या बदल्या हाताळण्याचे वेगळे प्रमाणपत्रच काढले आहे. आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांची बदली क्वार्टरमधून क्वार्टरमध्ये होते. पोस्टिंग सीमेवर असेल तर बायको-मुले गावी किंवा मुलांच्या शाळेसाठी बारामती-पुण्यात भाड्याने राहतात. कायमचे घर होते ते निवृत्तीच्या सुमारास. शिपाई पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून चाळिशीच्या आत परततो. 2022 पासून भरती झालेल्या अग्निवीरांपैकी बहुतेक तर चार वर्षांतच, सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवानिधी घेऊन येणार आहेत. इंदापूर, बारामती, दौंडच्या खेड्यांतल्या अशा माणसाला भिगवण सोयीचे वाटते. महामार्ग आहे, रेल्वे स्टेशन आहे, कागद कारखाना आहे, बारामती हाकेच्या अंतरावर आणि गावची शेतीही जवळ. हातात एकरकमी पैसा आणि डोक्यात घराचा विचार, अशा वेळी त्याला सगळ्यात कमी मिळते ती सवड.

जवानाला वर्षाकाठी 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते, आणि तीही एका दमात मिळेल याची खात्री नसते. खरेदीखत एका दिवसात होते. पण त्यानंतर फेरफाराची नोटीस, हरकतीचे 15 दिवस, मग नोंद मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव. मोजणी मागवली तर तिची तारीख वेगळीच. तोवर रजा संपते आणि तलाठ्याकडचे हेलपाटे बायकोच्या किंवा म्हाताऱ्या वडिलांच्या वाट्याला येतात. भिगवणमध्ये याहून मोठा घोळ उजनी धरणाच्या पाण्याचा आहे. 1980 मध्ये धरण पूर्ण झाले आणि पळसदेवसारखी गावे उठून वर आली. धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. उन्हाळ्यात पाणी उण्यात जाते, मैलभर जमीन उघडी पडते, तिच्यावर गाळपेर होते. ही जमीन संपादित आहे, सरकारची आहे. मे महिन्यात रजेवर आलेल्या माणसाला मात्र ती सपाट, काळीभोर आणि काठापासून लांब दिसते. ‘फ्लेमिंगो व्ह्यू’ म्हणून दाखवलेला तुकडा ऑक्टोबरात कुठवर कोरडा राहतो, हे काठावरच्या कुंभारगावातल्या मच्छीमाराला विचारावे. तो हात करून दाखवेल. संपादनाची रेषा कुठून जाते हे एजंटालाही ठाऊक असते, कारण त्याचा धंदाच त्या काठावर चालतो.

सातबारा आता 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो, मग अरुणाचलमधला जवानही मोबाइलवर तो पाहील, एजंटाने वेगळे काय सांगायचे, असा प्रश्न येईल. सातबारा मालकाचे नाव सांगतो, इतर हक्कांतला बोजा सांगतो, वर्ग दोनची जमीन असेल तर तेही सांगतो. दाखवलेली जागा त्याच गटातली आहे का, गाडीवाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते का, त्या वाटेवरून भांडण चालू आहे का, हे त्या कागदावर नसते. कायदाही इथे पुरा पडत नाही. महारेरा 1 मे 2017 पासून आहे, 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. पण 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा 8 पर्यंतचे प्लॉट असलेला प्रकल्प नोंदणीतून सुटतो. छोट्या गावचे बरेचसे प्लॉटिंग याच फटीतून जाते. उरलेले गुंठेवारीत. तुकडेबंदीमुळे दस्त होत नाही म्हणून नोटरीवर साठेखत करून दोन गुंठे ‘दिले’ जातात. अशा साठेखताने किंवा कुलमुखत्यारपत्राने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्वच्छ सांगितले आहे. तुकडेबंदीत 2025 मध्ये सरकारने सवलती जाहीर केल्या खऱ्या, पण त्या आपल्या गटाला लागू होतात का, हे दर वेळी तपासावेच लागते.

एजंट म्हणेल, मी वकील नाही. बरोबर. टायटलवर मत देणे हे त्याचे कामही नाही. पण माहीत असलेली गोष्ट लपवायची नाही, एवढ्यासाठी सनद लागत नाही. दुसरा आक्षेप असा की फौजीलाच ही खास वागणूक का, त्याला पेन्शन आहे, तो काही दुबळा नाही. हा आक्षेप मला पटतो. त्याची अडचण वर्दीची नाही, अंतराची आहे. मुंबईच्या चाळीत राहून गावाकडे प्लॉट पाहणाऱ्याची किंवा आखातात कामाला गेलेल्याचीही अडचण तीच. म्हणूनच देशभक्तीच्या भाषेत दिलेली सवलत मला थोडी खटकते: व्यवहारातली रास्त गोष्ट ती उपकार म्हणून देते, आणि उपकार घेणाऱ्या माणसाला मग कागद मागायला संकोच वाटतो.

खरी अडचण तिसरी आहे. एजंट जगतो दलालीवर. व्यवहार झाला तर टक्का-दोन टक्के, फिसकटला तर शून्य. मग स्वतःच्या तोंडाने गिऱ्हाइकाला ‘हा गट नको’ असे तो का सांगेल? इथे चांगुलपणावर विसंबणे भाबडेपणाचे ठरेल. सोय अशी करता येते की जागा पाहण्याचे, उतारे काढण्याचे, पावसाळ्यानंतरचे फोटो पाठवण्याचे आणि खरेदीनंतर फेरफार तडीस नेण्याचे ठरावीक पैसे वेगळे घ्यायचे, व्यवहार होवो न होवो. निवृत्तीच्या वर्षभर आधी एखाद्या हवालदाराने असे चार-पाच हजार मोजले आणि बदल्यात त्याला ऑक्टोबरातला एक फोटो मिळाला, ज्यात त्याचा प्लॉट गुडघाभर पाण्यात आहे, तर शालीपेक्षा तो फोटो त्याच्या अधिक कामाचा.