मधुमेह आणि उत्तरायुष्य – लेखांक ७ वा : ओसरते स्नायुबल

गेल्या लेखांकात मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यास पोहोचणाऱ्या अपायाचा विचार केला. त्या अपायाची दखल आता बहुतेक दवाखान्यांतून घेतली जाते. परंतु याच व्याधीने मांड्यांच्या आणि पोटऱ्यांच्या मांसात जी गळती चालविलेली असते, तिची नोंद रोग्याच्या दप्तरी क्वचितच आढळते. सत्तरीच्या गृहस्थांना खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागू लागला, एस.टी.ची पायरी चढताना दांडा घट्ट धरावा लागला, आजींना धुतलेले लुगडे पिळवेनासे झाले, म्हणजे घरची मंडळी ‘वय झाले’ एवढ्यावर समाधान मानतात. आणि त्यातच वजन उतरले असेल, तर पथ्य चांगले पाळले म्हणून कौतुकही होते. हे कौतुक कित्येकदा अनाठायी असते, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

वयोमानाने स्नायू झिजतात हे खरे. या झिजेला १९८९ साली अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ असे नाव दिले. मात्र मधुमेहात ही झीज वेग घेते. इन्सुलिनच्या प्रेरणेने रक्तातून जी साखर उचलली जाते, तिचा सर्वांत मोठा वाटा, प्रयोगशाळेतील मोजमापांत सुमारे ८० टक्के, स्नायूंच्या कोठारात जमा होतो. आणि तेच इन्सुलिन स्नायूंतील प्रथिनांच्या विघटनासही आवर घालीत असते. त्याचा अंमल सैल झाला, मज्जातंतू क्षीण झाले, शरीरात मंद दाह रेंगाळू लागला, की कोठार आकुंचन पावते. आणि कोठार लहान झाले म्हणजे साखर रक्तातच साचून राहते, असे हे दुष्टचक्र आहे. पिट्सबर्ग व मेम्फिस येथील सत्तरी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांची पाहणी झाली, तेव्हा तीन वर्षांच्या मुदतीत मधुमेह्यांच्या पायांतील शक्ती इतरांहून अधिक वेगाने घटल्याचे दिसून आले.

आपल्याकडे तर मूळचे भांडवलच तुटपुंजे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले: उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्या अंगी सुमारे ९ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही हीच ठेवण त्यांना आढळली. यास्तव आपल्या वृद्ध मधुमेह्यास सरसकट ‘कमी खा, वजन उतरवा’ अशी ताकीद देणे मला धोक्याचे वाटते. चरकाचार्यांनी प्रमेहाचे रोगी स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असे निराळे मानून, कृशास पोषण द्यावे असे सांगितले होते. तो विवेक आजही मोलाचा आहे.

उपाय आहे, आणि तो नव्वदीतही लागू पडतो. बोस्टन येथे १९९० साली नव्वदीच्या दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करविला, तेव्हा तो पुरा करणाऱ्या नऊ जणांची शक्ती सरासरीने १७४ टक्के वाढली. सकाळचा फेरफटका उत्तमच. पण केवळ चालण्याने स्नायू भरत नाहीत, त्यांना भार पेलावा लागतो. खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटा, पाण्याने भरलेली बाटली उचलणे, असे व्यायाम आठवड्यातून दोनतीनदा करावेत. त्याच्या जोडीला प्रथिने हवीत: मूत्रपिंडे शाबूत असतील तर वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, आणि भाकरीबरोबर पातळ आमटीची एक वाटी एवढ्याने ती भरपाई होत नाही. मोडाची उसळ, पिठले, दही, अंडे, मासे यांची तजवीज प्रत्येक जेवणात असावी. मूत्रपिंडे वा डोळे अधू असतील, किंवा साखर एकाएकी उतरविणारी औषधे चालू असतील, तर मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून काही आरंभू नये.

आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरविलेल्या निकषांप्रमाणे खुर्चीतून पाच वेळा उठण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागणे, तसेच हाताची पकड पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोंहून कमी भरणे, ही दुर्बलतेची खूण होय. वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची उठण्याची परीक्षा या आठवड्यात शेजारी उभे राहून अवश्य घ्या, आणि साखरेच्या आकड्यांबरोबर तो आकडाही डॉक्टरांपुढे ठेवा.