ट्रॅक्टर चालू होत नाहीं, तेव्हां आधीं काय पाहावें?



नांगर, पाभर व कुळव यांची दुरुस्ती आपण सुताराकडून व लोहाराकडून करून घेत आलों, व ती होत असतां शेजारीं बसून पाहतही आलों. त्यामुळें अवजाराची खोड आपणांस कळते. ट्रॅक्टराच्या विजेच्या भागाविषयीं मात्र आपली समजूत अशी कीं, तें काम कारागिराचें, आपण केवळ पैसे मोजावे. ही समजूत फार महाग पडते.

प्रस्तुत लेखकाचें घर कोथरुडास. एके काळीं शेतें असलेलें हें गांव आज पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत पुरें शहर झालें आहे. १९६२ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्स कंपनीचा डिझेल एंजिनांचा कारखाना येथेंच निघाला, व वाहनांची परीक्षा घेणारी ए.आर.ए.आय. ही संस्थाही येथील टेकडीवरच आहे. असा शेजार असूनही माझें यंत्राचें ज्ञान शून्य होतें. आमची थोडी भातशेती मुळशी तालुक्यांत आहे. ऐन चिखलणीच्या दिवशीं आमचा लहान ट्रॅक्टर किल्ली फिरवितांच ‘टक्’ असा एक आवाज करून गप्प बसला. कारागिरानें बॅटरी गेल्याचें सांगून नवी बसविली. ट्रॅक्टर चालू झाला, व चौथ्या दिवशीं पुन्हां तसाच बंद पडला. दोष अखेर सांपडला तो बॅटरीकडून सांगाड्यास जाणाऱ्या अर्थ-वायरीच्या टोंकाशीं, एका गंजक्या नटाखालीं. बॅटरी बदलतांना वायर हलली व तात्पुरता स्पर्श झाला, एवढाच नव्या बॅटरीचा गुण! अर्ध्या तासाच्या घासकामासाठीं बॅटरीची किंमत व मजुरांचा रोज फुकट गेला.

हें टाळण्यास विजेची वाट समजली पाहिजे. बॅटरीपासून दोन वाटा निघतात. एक जाड तारेची, थेट स्टार्टरकडे, ज्याला आपण ‘सेल्फ’ म्हणतों. दुसरी बारीक तारेची; ती फ्यूज, किल्ली व क्लचजवळील सुरक्षा-स्विच यांतून सोलेनॉइडपर्यंत जाते. बारीक वाटेनें हुकूम पोंचला कीं सोलेनॉइड जाड वाट जोडतो व सेल्फ फिरतो. दोहोंची परतीची वाट एकच, ती म्हणजे ट्रॅक्टराचा सांगाडा व अर्थ-वायर. आतां किल्ली फिरवून कान द्यावा.

(१) दिवेही नाहींत व आवाजही नाहीं: बॅटरीचीं टर्मिनलें, मुख्य फ्यूज व अर्थ-वायर पाहावी.

(२) दिवे लागतात, पण आवाज नाहीं: दोष बारीक वाटेंत आहे. क्लच पुरा दाबला आहे काय, गिअर न्यूट्रलमध्यें व पी.टी.ओ.चा दांडा बंद आहे काय, हें प्रथम पाहावें. मग फ्यूज, मग स्विचांच्या तारा.

(३) ‘टक्-टक्-टक्’ असा सारखा आवाज: बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल.

(४) एकच ‘टक्’: जाड वाटेंतील एखादा सांधा, सोलेनॉइडचे आंतील संपर्क, अथवा स्वतः सेल्फ.

(५) सेल्फ जोरानें फिरतो, पण एंजिन लागत नाहीं: बॅटरीस दोष देऊं नये. डिझेलच्या नळींत हवा शिरली असेल, किंवा डिझेल बंद करणारा दांडा ओढलेला राहिला असेल.

महसूल खात्यांत मूळ कागद पाहिल्यावांचून फेरफार मंजूर होत नसे. तसेंच मापल्यावांचून कोणताही भाग बदलूं नये. त्यासाठीं एक साधा मल्टिमीटर घरीं असावा. ट्रॅक्टर कांहीं तास उभा असतां बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवील तर ती भरलेली, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी. १२ च्या खालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरत असतां आंकडा साडेनऊच्या खालीं जाऊं नये. भरलेली बॅटरीही तेथें कोसळत असेल तर मग तिची शंका घ्यावी. एंजिन चालू झाल्यावर आंकडा साधारण १३.८ ते १४.५ पाहिजे. तो चढत नसेल तर अल्टरनेटरचा पट्टा, जोडण्या व रेग्युलेटर पाहावा. नाहींतर नवी बॅटरीही आठवड्यांत उतरेल.

अर्थ-वायरीची परीक्षा अशी: मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खांबास व दुसरें एंजिनच्या उघड्या लोखंडास लावून साथीदाराकडून सेल्फ फिरवावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आंकडा आला तर त्या वाटेंत गंज किंवा सैलपणा आहे, असें खुशाल समजावें. ही परीक्षा मला ठाऊक असती तर तो खर्च वांचला असता.

टर्मिनलावरील पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावी. तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. मग धातु घासून, जोडणी आवळून वरून ग्रीस लावावें. वायर काढतांना ऋण आधीं काढावी व जोडतांना ती शेवटीं जोडावी. बॅटरीजवळ विडी किंवा ठिणगी नसावी, कारण तींतून निघणारा वायु पेट घेतो. फ्यूज पुन्हां पुन्हां जळत असेल तर जाड तार घालूं नये. कोठें तरी तारेचें आवरण उंदरांनीं कुरतडलेलें सांपडेल.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. सेल्फचे दोन खांब पेचकसानें जोडून ट्रॅक्टर चालू करण्याची रीत गांवोगांव दिसते. मीं स्वतः एकदां तसें केलें. गिअर पडलेला होता. ट्रॅक्टर उडी घेऊन पुढें गेला, व मागचें चाक माझ्या पायापासून वीतभर अंतरावरून गेलें. ह्या रीतीनें क्लचचा सुरक्षा-स्विच निरुपयोगी होतो, व माणूस उभा असतो तो नेमका चाकापुढें. क्रीडांगणावरील गवत कापणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांस आसनाखालींही असा स्विच असतो. स्वार उठतांच पातें थांबावें हा त्याचा हेतु. असे स्विच बिघडले तर बदलावे, परंतु तार जोडून कायमचे निकामी करूं नयेत. पेरणी एक दिवस उशिरां झाली तर चालते. गेलेला पाय परत येत नाहीं.

मृगापूर्वीं एक सकाळ ह्या तपासणीस द्यावी, व घरच्या मुलांस शेजारीं बसवावें, एवढीच विनंती.

— एक निवृत्त महसूल कारकून, कोथरूड