अळंबीला ऊन दाखवा

भाजी फोडणीला टाकण्याआधी अळंबीचे काप करून तासभर दुपारच्या उन्हात ठेवा. अळंबीत अर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं ड-२ जीवनसत्त्व बनतं. आपल्या त्वचेत ड-३ तयार होतं, तशीच ही क्रिया. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या बटन मशरूममध्ये हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, पण ऊन दिलेल्या १०० ग्रॅम कापांतून १० मायक्रोग्रॅमहून अधिक मिळू शकतं. प्रौढांची रोजची गरज १५ मायक्रोग्रॅम. बंद खिडकीच्या काचेआड ठेवून मात्र भागणार नाही; काच नेमके हेच किरण अडवते.

प्रथिनांचा गाजावाजा मला जरा जास्तच वाटतो. ताज्या अळंबीत ९० टक्के पाणी, १०० ग्रॅममागे प्रथिनं जेमतेम ३ ग्रॅम. कर्करोगाच्या दाव्यांचंही तेच. शिताके अळंबीतून काढलेल्या लेंटिनानला जपानमध्ये १९८५ साली जठराच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली हे खरं. पण केमोथेरपीच्या जोडीला, आणि तेही इंजेक्शनातून. शिताकेचं सूप म्हणजे ते औषध नव्हे. आवडत असेल तर जरूर प्या!

पावसाळ्यात रानातली अळंबी मात्र खात्रीच्या जाणकाराने ओळखल्याशिवाय घरी आणू नका. काही विषारी जातींतलं अमाटॉक्सिन कितीही शिजवलं तरी जात नाही.