३७२ कोटी मिळाले ना, मग आता देणगी कशाला?

मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऐकायला गेलं की मध्यंतरात कॉफीच्या रांगेत हे वाक्य कानावर पडतंच. "भाभांचा बंगला विकून एवढे पैसे आले, तरी यांचं देणग्या मागणं चालूच!" बोलणारे बहुतेक वेळा चांगले शिकलेले असतात. स्वतःच्या निवृत्तीचा हिशेब पैशापर्यंत मांडलेले असतात. म्हणूनच जास्त चिडचिड होते.

यातलं खरं काय ते आधी सांगतो. मलबार हिलवरचा 'मेहरांगीर' हा डॉ. होमी भाभांचा बंगला. त्यांचे धाकटे बंधू जमशेद भाभा हे एनसीपीए या मुंबईतल्या कलासंस्थेच्या संस्थापकांपैकी. २००७ मध्ये ते गेले, तेव्हा हा बंगला त्यांनी मृत्युपत्राने एनसीपीएला दिला होता. २०१४ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि बोली ३७२ कोटींवर थांबली. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून याच संस्थेच्या छत्राखाली आहे. इथवर सगळं बरोबर. चुकतं ते त्यापुढच्या "मग आता काय?" मध्ये.

समजा, त्यातला रुपयान् रुपया कायम निधीत ठेवला. कायम निधी म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त उत्पन्न वापरायचं. गुंतवणुकीवर दहा टक्के सुटले आणि महागाई सहा टक्के असली, तर खर्चायला उरतात चार. उरलेले सहा परत मुद्दलात घालावेच लागतात, नाहीतर निधी कागदावर तेवढाच राहतो आणि आतून पोखरला जातो. चार टक्क्यांनी ३७२ कोटींचे वर्षाला होतात जेमतेम १५ कोटी. त्यात पाच नाट्यगृहं चालवायची, इमारती राखायच्या, नाटक, नृत्य, शास्त्रीय संगीत सांभाळायचं आणि वर सिम्फनी. फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या हंगामांसाठी परदेशांतून वादक येतात. त्यांची विमानाची तिकिटं, हॉटेल, मानधन, शिवाय पाहुणा संगीतसंचालक. बेरीज तुम्हीच करा.

पोखरणं म्हणजे काय, ते माझ्या शाळेत पाहिलंय. सत्तरच्या दशकात एका आजोबांनी गणितात पहिल्या येणाऱ्यासाठी ५०० रुपयांची ठेव ठेवली. येणारं सगळं व्याज दरवर्षी वाटलं गेलं. सुरुवातीला त्यात कंपासपेटी यायची, वर एखादं पुस्तकही. आता एक पेन येतं. फळ्यावर आजोबांचं नाव मात्र ठळक आहे.

दुसरी गोष्ट, निधी आहे म्हणजे तो हवा तसा वापरता येतो असं नाही. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने एप्रिल २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्याच्या कायम निधीत सुमारे १४ कोटी डॉलर होते. लोक म्हणाले, ही तर लबाडी! पण त्या पैशाचा मोठा भाग देणगीदारांनी अटी घालून दिलेला होता. "अमुक कामासाठीच" असं लिहून दिलेल्या पैशातून चालू महिन्याचे पगार भागवता येत नाहीत. देवळाच्या अन्नछत्राला दिलेल्या ठेवीतून विश्वस्तांनी वीजबिल भरलं तर आपणच बोंब मारू. इथे मात्र तोच नियम पाळला की संशय!

म्हणून देणाऱ्याला एक विनंती. अट घाला, पण सैल घाला. जोसेफ पुलित्झर १९११ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी पाच लाख डॉलर ठेवले आणि बेथोव्हेन, वाग्नर, लिस्ट हे आपले लाडके संगीतकार वाजत राहावेत अशी इच्छाही नोंदवली. त्यांची निवड उत्तम होती. सगळ्यांचीच असते असं नाही.

"तिकिटं महाग करा की!" हेही ऐकतो. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांचा निम्मा खर्चसुद्धा तिकिटांतून सहसा निघत नाही. बोमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच याचं कारण सांगितलं. कारखान्यात यंत्रं आली आणि माणसं कमी झाली, पण चौघांसाठी लिहिलेली रचना आजही चौघांनाच, तेवढाच वेळ वाजवावी लागते. पगार मात्र कारखान्याबरोबर वाढत जातात.

कर वाचवण्यासाठी लोक मृत्युपत्रातून देणगी ठेवतात, हाही भ्रमच. भारतातला मृत्युकर १९८५ मध्येच गेला. प्राप्तिकराची सवलत हयातीत दिलेल्या देणगीवर, स्वतःच्या उत्पन्नातून मिळते. आणि २००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत.

तरीही मृत्युपत्रातून द्यायचं असेल, तर त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद, तुमची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. गोव्यात मात्र हे धरून चालू नका. तिथे मृत्युपत्र नोटरीपुढे होतं, आणि मुलं असतील तर निम्मी मालमत्ता त्यांची राखीव. तुमच्या मर्जीने देता येते ती उरलेली निम्मी.

आणि नॉमिनी. "मी म्युच्युअल फंडाला संस्थेचं नाव नॉमिनी म्हणून टाकलंय, झालं काम!" नाही झालं. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. संस्थेला द्यायचं असेल तर मृत्युपत्रात लिहा, संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव घालून. अमेरिकेत राहणाऱ्या भावंडांना मात्र हाच सल्ला देऊ नका. तिथे निवृत्तीच्या खात्यावर बेनिफिशियरी म्हणून जे नाव असतं, पैसा त्यालाच जातो. मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. पुण्यातल्या काकांचं ऐकून न्यू जर्सीतल्या पुतण्याने मृत्युपत्र नव्याने केलं आणि खात्याचा जुना फॉर्म तसाच राहिला, तर ऑर्केस्ट्राच्या हाती काही लागणार नाही.