जुना रेझर घेताना

पहिलाच जुना सेफ्टी रेझर घ्यायचा, तर तीन तुकड्यांचा घ्यावा, असे आम्ही सांगतो. जिलेट कंपनीचा १९३८ साली निघालेला 'टेक' त्यातलाच. टोपी, ब्लेडखालची पट्टी आणि दांडी. बिघडायला चौथे काही नाहीच! दुधारी ब्लेड आजही मिळते.

रेझर आधी उघडून पाहा. आटे झिजलेत का? दांडीला चीर आहे का? नवे ब्लेड घालून धार बघा. ती दोन्हीकडे सारखी बाहेर यायला हवी. एकीकडे जास्त आली, तर गाल कापेल. असला रेझर फुकट दिला तरी नको. मुलामा उडालेला चालतो.

आतले जुने ब्लेड मात्र कागदात गुंडाळून टाका. एक प्रकारची कावीळ रक्तातून पसरते. रेझर साबणाने घासा, वीस मिनिटे पाण्यात उकळा, मगच गालाला लावा.