हुरड्याचें शेत आणि घरांतील मुलें

मार्गशीर्ष सरून पौषाची थंडी अंगास झोंबूं लागली, कीं पुणें, नाशिक, सोलापूर ह्या शहरांबाहेरच्या रस्त्यांवर हुरड्याच्या पाट्या दिसूं लागतात. सुट्टीच्या दिवशीं कुटुंबेंच्या कुटुंबें मोटारी भरून तिकडे निघतात. मोठ्या माणसाचा दर निराळा, मुलाचा निराळा. त्यांत हुरडा, दुपारचें पिठलें-भाकरीचें जेवण, बैलगाडीची फेरी, झाडाला टांगलेला झोपाळा, गोठ्यांतील वासरें, असें सर्व कांहीं येतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ही सहल केली असेल. परंतु तीन ते आठ वर्षांच्या मुलांस घेऊन जातांना ती कशी करावी, आणि त्या एका दिवसांतून मुलाच्या पदरीं काय पडावें, ह्याचा विचार करून निघणारीं घरें थोडीं. तो विचार येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेतावर पाहुणे ठेवून घेण्याचा हा व्यवसाय आतां चांगलाच रुजला आहे. इटलींत १९८५ सालीं त्याकरितां स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे बारामतीच्या बाजूस २००५ च्या सुमारास त्याचा संघटित प्रयत्न सुरू झाला, आणि महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण ठरविलें. ह्यामागील कारण साधें आहे. जिराईत ज्वारी पावसाच्या लहरीवर, आणि तिचा भाव बाजाराच्या लहरीवर. तींच कणसें भाजून पाहुण्यापुढें ठेवलीं, तर शेतकऱ्यास आपला भाव आपण ठरवितां येतो, आणि पैसाहि जागच्या जागीं मिळतो. आपण दिलेला दर हा कोणा गरिबावर केलेला उपकार नसून त्याच्या धंद्याचें मोल आहे, ही गोष्ट घरांतील मोठ्यांनीं प्रथम ध्यानांत घ्यावी.

आपल्यासारख्या घरांचा ह्या बाबतींत आणखीहि एक विशेष आहे. आपल्यापैकीं अनेकांच्या पणजोबांची गांवीं जमीन होती. परंतु ती कसणारे हात कुळांचे होते. शिक्षणानें व नोकरीनें आपण शहरांत आलों. पुढें १९४८ चा कूळकायदा आला, आणि त्यांतील दुरुस्तीप्रमाणें १ एप्रिल १९५७ रोजीं मुंबई राज्यांत कसणाऱ्यांकडे मालकी जाण्याची तरतूद झाली. त्या वेळीं कित्येक घरांत हळहळ झाली, आणि ती हळहळ अजूनहि एखाद्या माजघरांतून ऐकूं येते. पण ज्याच्या घामानें पीक उभें राहतें त्याच्याच नांवावर जमीन असावी, ह्यांत अन्याय काय झाला, हें मुलांना सांगतां येणें कठीण आहे. कारण तसें सांगण्यासारखें कांहीं नाहींच. आज आपलें मूल शेतावर जातें तें मालकाचा नातू म्हणून नव्हे, तर पाहुणा म्हणून. आमच्या मतें हें नातें पूर्वींच्या नात्याहून निकोप आहे.

हुरडा म्हणजे काय, हें निघण्यापूर्वीं आजोबांनीं मुलांस सांगावें. रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनांत पेरतात. त्यानंतर पाऊस फारसा मिळत नाहीं. काळ्या जमिनीनें पावसाळ्यांत पोटांत धरून ठेवलेल्या ओलीवर तें पीक वाढतें. पुढें कणसांतील दाणा दुधाळपणा सोडून मऊ चिकाचा होतो. ह्या वेळीं त्यांत साखरेचा अंश असतो. थोड्याच दिवसांत त्या साखरेचें पिष्ट बनतें, दाणा टणक होतो आणि हुरड्याचे दिवस संपतात. म्हणूनच शेतकरी निरनिराळ्या तुकड्यांत मागेंपुढें पेरणी करून हे दिवस लांबवितो. गुळभेंडीसारखे जुने वाण ह्याकरितां प्रसिद्ध आहेत. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें फुले उत्तरा व फुले मधुर हे खास हुरड्याचे वाण दिले आहेत. शेतावर जमिनींत एक खळगा करून त्यांत गोवऱ्या पेटवितात, तीच आगटी. गोवऱ्यांचा आर झाला, कीं त्यांत कणसें खुपसून भाजतात, गरम असतांनाच हातावर चोळून दाणे पाडतात आणि फुंकर घालून कोंडा उडवितात. त्याबरोबर शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, दहीं, गूळ आणि बोरें.

एवढें सांगून झाल्यावर मुलास एकच काम द्यावें: एका कणसाचा प्रवास आरंभापासून शेवटपर्यंत पाहणें. शेतकऱ्याबरोबर रानांत जावें, त्यानें कणीस कसें खुडलें तें पाहावें, तें आगटींत जातांना पाहावें, निवलेले दाणे स्वतःच्या तळहातावर घ्यावे आणि खावे. चार वर्षांच्या मुलास ह्याहून अधिक नको. बैलगाडी, झोपाळा, घसरगुंडी आणि ससे ह्यांमागें दिवसभर धांवलेलें मूल घरीं येऊन केवळ घसरगुंडी आठवतें. आणि ती तर आपल्या बागेंतहि आहे. गाईजवळ जाण्यास मूल भ्यालें, तर त्याला पुढें ढकलूं नये. दुरून पाहूं द्यावें. अर्ध्या तासानें तें आपण होऊन दोन पावलें पुढें जातें.

गेल्या हंगामांत आम्ही कांहीं कुटुंबें मिळून भीमाकांठच्या एका शेतावर गेलों होतों. मंडळींतील पांच वर्षांचा एक मुलगा हुरडा खातां खातां शेताकडे पाहून तेथल्या बाईंस म्हणाला, "मावशी, एवढा सगळा हुरडा कोण खाणार?" त्या हंसल्या. "सगळा हुरडा खाल्ला तर वर्षाची भाकरी कशाची करायची रे बाळा?" असें म्हणून त्यांनीं त्याला पिकामधील माळ्यावर नेलें. तेथें त्यांचे सासरे हातांत गोफण घेऊन पांखरें राखीत बसले होते. पहाटेपासून उन्हें चढेपर्यंत आणि पुन्हां दुपार कलल्यावर हें राखण चालतें, कारण जो दाणा आपल्याला गोड लागतो तोच पांखरांनाहि लागतो. मुलानें विचारलें, "आजोबा, तुम्हांला सुट्टी कधीं?" म्हातारे म्हणाले, "पांखरांना सुट्टी असंल त्या दिवशीं." परतीच्या वाटेवर मुलाच्या आजोबांस गोफण, माळा, खळें, सुगी हे शब्द एकामागून एक आठवूं लागले, आणि नातू प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारूं लागला. मुलाचे वडील मोटार चालवीत होते. त्यांतील निम्मे शब्द त्यांनाहि नवे होते.

ह्यावरून आम्हांस एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. ह्या सहलीस आजी-आजोबांस घरीं ठेवून जाऊं नये. गुडघे दुखतात, उन्ह लागेल, हीं कारणें खरीं असतात. पण एक खुर्ची आणि झाडाची सावली एवढ्यानें त्यांचें भागतें. शेताची भाषा ज्यांच्या कानांवरून गेली आहे अशी ही आपल्या घरांतील बहुधा शेवटची पिढी. ती गेली म्हणजे कोश उरेल, पण "हें असें करीत" म्हणून हातानें दाखविणारें कोणी उरणार नाहीं. एकत्र कुटुंबाचा जो लाभ आपण नेहमीं सांगतों, तो येथें रोकडा मिळतो.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. जनावरांस हात लावल्यावर आणि खाण्यापूर्वीं मुलांचे हात साबणानें, वाहत्या पाण्याखालीं धुवावे; नुसतें जंतुनाशक द्रव चोळून भागत नाहीं. इंग्लंडांत २००९ सालीं प्राण्यांच्या एका शेतावर जाऊन आलेल्या नव्वदांहून अधिक लोकांस जंतुबाधा झाली, आणि त्यांत बहुतेक लहान मुलेंच होतीं. धारोष्ण दुधाचें कौतुक जुनें असलें, तरी मुलांस तापविलेलेंच दूध द्यावें. विहीर आणि शेततळें ह्यांजवळ एका मोठ्या माणसानें मुलाचा हात सोडूं नये. शेततळ्याच्या आंतील कागद निसरडा असतो, आणि त्यांत पडलेल्यास बाहेर येणें पोहणाऱ्यालाहि अवघड जातें. आगटीभोंवतीं मुलें बसवितांना सुती कपडे असावे, कारण ठिणग्या उडतात. मुलांनीं विचारल्यावांचून जनावरांस कांहीं खाऊं घालूं नये. ज्वारीच्या कापलेल्या खोडास येणारे कोंवळे फुटवे गुरांस विषारी ठरतात, आणि पाहुण्याच्या हौसेपायीं शेतकऱ्याची गाय जाणें ही लहान गोष्ट नव्हे.

वागणुकीविषयीं थोडें. ठरलेल्या दरांत घासाघीस करूं नये. न विचारतां एक बोरहि तोडूं नये. ध्वनिवर्धक लावून नाचगाणें करावयाचें असेल, तर त्याकरितां शहर मोकळें आहे. शेतावरील मंडळींस मुलांनीं काका, मावशी, आजोबा म्हणून हांक मारावी, "ए" म्हणून नव्हे. आणि जेवण त्यांच्या चुलीवरचें, त्यांच्या हातचें, आनंदानें जेवावें. सोंवळ्याओंवळ्याच्या काळीं आपल्याच पूर्वजांनीं कुळाच्या घरची भाकरी घेतली नसती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आज आपलीं मुलें ती मागून घेतात. हें पाहून एखाद्या आजीस मनांत कांहीं वाटलें, तरी तिनेंहि एक चतकोर मागून घ्यावा. मुलांस त्याहून मोठा धडा कोणत्याहि पुस्तकांत मिळणार नाहीं.

शेवटीं एक सूचना. शेत आवडलें, तर पुढच्या वर्षीं दुसरें नवें शोधूं नये. त्याच शेतावर जावें, आणि जमल्यास एकदां आश्विनांत, पेरणीच्या वेळीं, आगाऊ विचारून जावें. तेव्हां तेथें हुरडा नसतो, पाटी नसते, झोपाळ्याभोंवतीं गर्दी नसते. काळी, ओली जमीन आणि तिफणीमागें चालणारीं माणसें एवढेंच दिसतें. मुलास चार दाणे हातानें मातींत टाकूं द्यावे. मग पौषांत तेंच मूल तेथें गेलें म्हणजे काय खातों आहों हें त्याला कोणी सांगावें लागणार नाहीं.