बार्शी तालुक्यातील स्थलनामे : डोंगरकाठच्या लोकजीवनाची साक्ष

सोलापूर जिल्ह्याच्या उत्तरेकडील बार्शी तालुका बालाघाटाच्या डोंगररांगेस भिडलेला आहे. पाऊस बेताचा असल्यामुळे येथील शेतकऱ्याची भिस्त पूर्वापार रब्बीच्या ज्वारीवर राहिली. उतारावरील माती व पाणी अडविण्यासाठी घातलेली ताल ही त्याची पिढीजात विद्या होय. अशा प्रदेशाचा वारसा आपण बहुधा मंदिरांत शोधतो. तो गावांच्या नावांतही साठलेला असतो, एवढेच प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

‘बालाघाट’ हा शब्दच पाहावा. यातील ‘बाला’ म्हणजे ‘वरचा’ हा फारसी शब्द असून ‘घाट’ आपला आहे. घाटाखालील मुलखास ‘पाईनघाट’ म्हणत. मोगल अमदानीत वऱ्हाडातही हीच जोडी रूढ होती. ‘उपळे दुमाला’ या ग्रामनामातील ‘दुमाला’ हे पद महसूल दुसऱ्यास लावून दिल्याचे सुचविते. ‘पांगरी’ हे नाव पांगारा वृक्षाशी जोडता येते. भूरचना, राज्यव्यवहार आणि वनस्पती अशा तिहींच्या खुणा या तीन नावांत आढळतात.

खुद्द ‘बार्शी’ची व्युत्पत्ती अधिक उद्बोधक आहे. येथील भगवंत मंदिराची कथा अंबरीष राजाच्या द्वादशीव्रताशी निगडित असल्याने लोक हे नाव ‘बारस’ या शब्दापासून आलेले मानतात. संस्कृत ‘द्वादश’पासून प्राकृतात ‘बारस’ झाले. ‘बारस सोडणे’ या प्रयोगात ते अद्याप जिवंत आहे. ‘म्हैस’चे ‘म्हशी’ होते, त्याच न्यायाने ईकारापूर्वी ‘स’चा ‘श’ होऊन ‘बारशी’ व पुढे ‘बार्शी’ हे रूप संभवते. तथापि संभव म्हणजे सिद्धी नव्हे. जुन्या लेखांतील रूपे तपासल्यावाचून निर्णय देणे योग्य होणार नाही. मात्र लोकव्युत्पत्ती असिद्ध ठरली, तरी गाव स्वतःस कसे ओळखते याचा पुरावा म्हणून तिचे मोल उरतेच.

ग्रामनामे दप्तरांत टिकतात. शेतांच्या नावांस तो आश्रय नाही. जमीन एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्यान्वये गटक्रमांक आले आणि माळ, ओढा, झाड यांवरून पडलेली नावे व्यवहारातून मागे सरू लागली. ती आता बहुधा वृद्धांच्याच तोंडी आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रथम ती टिपून घ्यावीत. मंदिर उद्याही पाहता येईल.